दोन शिंकांचे कुलगुरू

आमच्या सरांनी उभ्या आयुष्यात एकाही गोष्टीवर पुराव्याशिवाय विश्वास ठेवला नाही. स्वतःच्या वाढदिवसावरसुद्धा नाही. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख एक जून लागली होती, जशी त्या काळी खेड्यातल्या निम्म्या पोरांची लागायची, कारण हेडमास्तरांना तेवढीच सोयीची वाटायची. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, एक जूनला हौसेनं शिरा केला की सर वाटी पुढे ओढून म्हणायचे, "ही आमच्या हेडमास्तरांच्या आळसाची जयंती आहे. माझा जन्म कधीचा ते अजून सिद्ध व्हायचंय. पण शिरा अस्सल आहे, वाढ." असा हा माणूस पुढे चक्क कुलगुरू झाला. बसला ना धक्का? मला तर असा बसला की हातातली कपबशी फरशीवर पडून फुटली. आणि सर वाकून तुकडे बघत म्हणाले, "चिनी माती दिसते. अस्सल होती की नक्कल?"

अस्सल की नक्कल! इतिहासवाल्यांच्या धंद्यात मूळ जुन्या कागदाला अस्सल म्हणतात आणि त्यावरून कुणी उतरवून घेतलेल्याला नक्कल. आता धंदा म्हटला की तो कामाच्या जागी ठेवून घरी यावं. सरांनी तो एसटीत चालवला, दवाखान्यात चालवला, लग्नाच्या मांडवात चालवला. एका लग्नात येवल्याच्या पैठणीचा पदर उलटा करून ते विणकाम तपासायला लागले, आणि ती पैठणी त्या वेळी नवरीच्या आत्याच्या अंगावर होती. आत्या किंचाळली. सर शांतपणे म्हणाले, "अस्सल आहे, काळजी करू नका." काकूंनी त्यांना दंडाला धरून पंगतीत नेऊन बसवलं. राहायचे नाशिक रोडला, प्रेसच्या बाजूला. आमच्यातला एक जण म्हणायचा की सरकार जिथे नोटा छापतं त्या गावात राहून हा माणूस दुसरं काय विचारणार!

रविवारी सकाळी सर पिशवी घेऊन भाजीबाजारात जायचे, आणि त्यांची गिऱ्हाइकी ठरलेली. एक मावशी कोपऱ्यात गोणपाट टाकून बसायच्या, दिंडोरीकडून पहाटेच्या गाडीनं मेथी, कोथिंबीर, शेपू घेऊन यायच्या. त्यांना सरांनी दर रविवारी विचारायचं, "मेथी अस्सल का?" आणि मावशींनी दर रविवारी जुडी त्यांच्या पिशवीत कोंबत म्हणायचं, "नाय, पिलास्टिकची हे. रात्रभर रंगवत बसले व्हते." हा संवाद मी स्वतः शंभर वेळा ऐकला असेल. दोघांपैकी कुणीही कधी हसलं नाही. मी मात्र दोघांचे आवाज पाठ करून टाकले.

कारण माझा धंदा तोच. नकला. मी चांदवडचा, तिथल्या शाळेत सातवीपर्यंतच हेडमास्तर, शिपाई, शाळा तपासायला येणारे साहेब आणि शेजारच्या कांदाव्यापाऱ्याची म्हैस एवढे आवाज माझ्या खिशात होते. नव्वदच्या पुढेमागे बी.ए.ला नाशकात आलो, इतिहास घेतला, कारण त्या वर्गात पंखा होता. आणि पहिल्याच तासाला सर शिंकले.

त्या शिंकेबद्दल सांगायलाच हवं. पंधरावीस वर्षं जुन्या दप्तरांची धूळ खाऊन सरांच्या नाकाची सोनाराची कसोटी झाली होती. कागद नाकाशी धरायचा. दोन शिंका आल्या तर अस्सल, एक आली तर नक्कल, आणि एकही नाही आली तर कागद मिलमधून कालच आलेला. हे सर विनोदानं म्हणत नसत, तोंड गंभीर करून म्हणत. एकदा एक जुन्या वस्तू विकणारा गृहस्थ पिवळाजर्द कागद घेऊन आला. "दोनशे वर्षांचा आहे, सर." सरांनी हुंगला. एकच शिंक. "कागद मागच्या आठवड्यातला आहे," सर म्हणाले, "चहात बुडवलाय. आणि चहात साखर जास्त पडलीय, मुंग्या लागतील." तो गृहस्थ कागद तिथेच टाकून गेला. दुसऱ्या दिवशी खरंच त्याला मुंग्या लागल्या. आम्ही पोरं नुसती बघत राहिलो.

मग कॉलेजच्या गॅदरिंगला मी सरांची नक्कल केली. चष्मा कपाळावर, पिशवी काखेत, "मेथी अस्सल का?" आणि शेवटी दणदणीत दोन शिंका. हॉल हसून उलटापालटा झाला. मी पडद्यामागे गेलो तर समोर सर उभे. वाटलं, चांदवडला परत जाऊन कांदे निवडायची वेळ आली. सर म्हणाले, "शिंकेत चूक आहे."

"काय, सर?"

"पहिल्या आणि दुसऱ्या शिंकेच्या मधे मी रुमाल काढतो. तू सलग शिंकलास. नक्कल करायची तर नीट करावी. उद्या घरी ये."

दुसऱ्या दिवशी घरी गेलो तो पुढची दहाबारा वर्षं जातच राहिलो. सरांनी मला मोडी शिकवली. मोडी म्हणजे आपल्या जुन्या कारकुनांची धावती लिपी. लेखणी उचलायची नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्वदीर्घाची चिंता नाही आणि अर्धे शब्द आखडते लिहून मोकळं व्हायचं. सर म्हणायचे, "दुसऱ्याच्या हाताची वळणं ज्याला गिरवता येतात त्यालाच मोडी येते. म्हणजे तुझ्यासारख्या नकलाकाराला." काकू आतून म्हणायच्या, "चहा घे रे नकलाकारा. आणि यांचं सगळं शिकू नकोस. माझ्या वडलांनी स्थळ म्हणून कुंडली पाठवली तर यांनी उत्तर धाडलं, मूळ प्रत पाठवावी."

आता सरांच्या मोठेपणाचं कारण. तरुणपणी त्यांना दिंडोरी तालुक्यातल्या एका खेड्यात, जुन्या पाटलांच्या घरी, एक मोडी टिपण सापडलं होतं. एक ओळ. "चांदवडास सरकारात तोफा नग पाच रवाना." दोन शिंका! सरांनी त्या ओळीवर आधी लेख लिहिला, मग पुस्तिका, मग डॉक्टरेटचा सबंध प्रबंध. मुद्दा असा की एवढ्याशा खेड्यातून पाच तोफा जात असतील तर तिथे तोफा ओतण्याचा कारखाना असलाच पाहिजे. गावात एक जागा होती, तोफ्याचा मळा. सर म्हणाले, हाच तो कारखाना. गावानं हे असं डोक्यावर घेतलं म्हणता! तरुण मंडळ झालं तोफखाना मित्र मंडळ. कबड्डीचा संघ तोफखाना. सोसायटीच्या पाटीवर तोफ, द्राक्षाच्या खोक्यावर तोफ. सोयरीक जमवताना म्हातारी माणसं सांगायची, "आमचं साधंसुधं गाव नाय, तोफांचं हे." सर कधी गेले की त्यांच्या अंगावर शाल आणि हातात द्राक्षाची पेटी. पेटी उघडून सर विचारायचे, "द्राक्षं अस्सल का?" आणि गाव टाळ्या वाजवायचं.

त्या पुस्तकाच्या जोरावर सर विभागप्रमुख झाले, मग आणखी कुठल्या कुठल्या समित्यांवर गेले, आणि एका दुपारी फोन वाजला. मुंबईहून. आपली अमुक विद्यापीठाच्या कुलगुरुपदी निवड झाली आहे, अभिनंदन. (विद्यापीठाचं नाव मी सांगत नाही, सर पुरावा मागायला वरून खाली येतील.) आता मी त्या आठवड्यात सरांना तीनदा वेगवेगळ्या आवाजांत फोन करून छळलं होतं, एकदा तहसीलदार होऊन, एकदा पुरातत्त्वखातं होऊन, एकदा मावशी होऊन. त्यामुळे सर त्या मुंबईच्या साहेबांना म्हणाले, "गाढवा, आवाज बरा काढलास. पण इंग्रजीत मार खाल्लास. मी चहाला थांबलोय, येताना भजी आण." आणि फोन ठेवून दिला.

मी खरंच भजी घेऊन पोहोचलो, योगायोगानं. सर म्हणाले, "बघ, आला." तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मी समोर बसलेलो, तोंडात भजं. सरांनी माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. मग अतिशय हळू आवाजात फोनमधे विचारलं, "लेखी आहे का?" कपबशी फुटली ती तेव्हा. चार दिवसांनी पत्र आलं. सरांनी ते नाकाशी धरलं. शिंक नाही. पाच मिनिटं वाट बघितली. नाही. "कालचाच मिलचा कागद, पुरावा नव्हे," सर म्हणाले आणि मेथी आणायला निघून गेले. काकूंनी स्वतः त्यांची बॅग भरली म्हणून, नाहीतर ते विद्यापीठ आजतागायत वाट बघत बसलं असतं.

कुलगुरू झाल्यावर माणूस बदलेल असं सगळ्यांना वाटत होतं. विद्यापीठ बदललं. सही करायला कुठलाही कागद पुढे आला की सर तो आधी हुंगायचे. झेरॉक्स असली की लाल पेन्सिलीनं "अस्सल आणा." शिपायाच्या जागेसाठी आलेल्या एका उमेदवाराच्या कागदांवर शिक्का होता, सत्यप्रत. सर त्या शब्दावर अर्धा तास बोलले. "प्रत सत्य कशी असेल? सत्य असेल तर प्रत नाही, प्रत असेल तर सत्य नाही." उमेदवार रडकुंडीला आला. "साहेब, मी जाऊ का?" सर म्हणाले, "कुठे जातोस? तू एकटाच इथे अस्सल आहेस. सोमवारपासून ये." कुलसचिव नावाचे गृहस्थ कपाळाला हात लावून बसले. मी त्या काळात लग्नांत आणि ऑर्केस्ट्रांत निवेदन आणि नकला करून पोट भरत होतो. सर ओळख करून द्यायचे, "हा माझा एकमेव विद्यार्थी, जो नक्कल करतो आणि मान्यही करतो."

शनिवारी रात्री सर नाशिक रोडला यायचे आणि रविवारी बाजारात. पहिल्या रविवारी दिव्याची सरकारी गाडी बाजाराच्या तोंडाशी थांबली, तिच्यातून शिपाई उतरला, ड्रायव्हर उतरला आणि मधून पिशवी घेतलेले सर. मावशी गोणपाटावरून ताडकन उठल्या.

"अगं बया! मास्तर! पोलिसांनी धरलं का काय तुम्हाला? काय केलं हो?"

"कुलगुरू झालो, मावशी."

"कवा सोडतील?"

"पाच वर्षांनी."

मावशींनी मेथीची एक जुडी जास्तीची टाकली. "खावा. तिथं काय देतात कुणास ठाऊक."

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि मग मी माझ्या हातानं बॉम्ब आणला. चांदवडला आमच्या शेजारच्या कांदाव्यापाऱ्याच्या माळ्यावर जुन्या कागदांचं एक गाठोडं निघालं. जुन्या फडक्यात बांधलेल्या अशा गाठोड्याला आमच्यात रुमाल म्हणतात. तो म्हणाला, "चूल पेटवायला नेतो का?" मी रुमाल उचलला आणि रविवारी सरांकडे. सर खूश. आम्ही दोघं जमिनीवर फतकल मारून बसलो. दिंडोरीच्या त्या गावात वेशीवर मोठं प्रवेशद्वार बांधून तयार होतं, वर सिमेंटच्या पाच तोफा, आणि पुढच्याच रविवारी त्याचं उद्घाटन कुलगुरूंच्या हस्ते. पत्रिका सरांच्या टेबलावर पडलेली. निवेदक म्हणून माझं नाव छापलेलं, आयुष्यात पहिल्यांदा.

आणि मी एक टिपण उचलून मोठ्यानं वाचायला लागलो. चांदवडच्या कुणा कारकुनाचं. त्या गावाचं नाव आलं तसा मी जरा तोऱ्यातच आवाज चढवला, ऑर्केस्ट्रात चढवतो तसा. "मौजे अमुकहून तोफा नग पाच पावला. चार करंड्यांतील आंबे गोड निघाले. पाचवी नासली. पुढे पेंढा जास्त घालावा, ऐसे लिहिणे."

शेवटचे शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडले आणि मला कळेना मी काय वाचलं. पुन्हा वाचलं. आंबेच. करंड्याच. पेंढाच. सरांच्या प्रबंधात, पुस्तकात, त्या गावाच्या वेशीवर, सगळीकडे तोफा. आणि इथे पेंढा.

"दे इकडे," सर म्हणाले.

त्यांनी चष्मा कपाळावर केला. बराच वेळ बघितलं. "पावला," ते पुटपुटले. "पावल्या नाही. पावला. म्हणजे तोफ नव्हे. तोफा. नजराणा. भेट." आमच्या पहिल्या टिपणात नुसतं 'रवाना' होतं, केल्या की केला ते कारकुनानं लिहायचा कंटाळा केला होता. त्या एका आळशी कारकुनाच्या जिवावर आम्ही सगळा कारखाना उभा केला होता.

मग सरांनी कागद नाकाशी धरला. आणि मी, देवावर विश्वास नसलेला माणूस, मनात हात जोडून उभा राहिलो. एकदाच. सर, एकदाच शिंका. चहाचा निघू दे. साखरेचा निघू दे. पहिली शिंक आली. सरांनी खिशातून रुमाल काढला. मी श्वास धरला. सर थांबले. मी म्हटलं, सुटलो. आणि दुसरी आली. असली दणदणीत की टेबलावरची ती पत्रिका उडून खाली पडली.

काकू दारात आल्या. "काय झालं?"

"काही नाही," सर म्हणाले. "दोनशे वर्षांनी पोहोच मिळाली."

मी कागद त्यांच्या हातातून जवळजवळ ओढलाच. "सर, हे आपण दोघांनीच बघितलंय. मी रुमाल बांधतो आणि माळ्यावर ठेवून येतो. दोन वर्षांनी तुमची मुदत संपली की छापा."

"कागदाला मुदत नसते."

"सर, तुमच्यावर टपून बसलेत तिकडे लोक! शिपायाची भरती, लाल पेन्सिल, सगळं काढतील. म्हणतील, आंब्याला तोफ म्हणणारा माणूस कुलगुरू कसा? ते मुंबईच्या मोठ्या समितीवर तुमचं नाव चाललंय, तेही जाईल. आणि गाव? ते गाव तर मारेल आपल्याला, सर. सिमेंटच्या तोफा काढून मारेल."

सर उठले. बाहेर जाऊन अंगणात उभे राहिले. मला वाटलं, ऐकलं माझं. सर परत आले, तो कागद सरळ केला आणि म्हणाले, "कागद दोन्ही अस्सल आहेत रे. वाचणारा नक्कल निघाला." एवढंच. आवाज अगदी नेहमीचा होता, पण मला तो आवाज काढता आला नसता.

रविवारी गावात ही गर्दी. ढोल, लेझीम, शाळेची पोरं ओळीनं, द्राक्षवाले ट्रॅक्टर लावून आलेले. प्रवेशद्वारावर पाच काळ्याकुळकुळीत तोफा, तोंडं नाशिककडे. सरपंच सफारीत, गळ्यात उपरणं. माईक माझ्या हातात. मी सरांचं भाषण जितकं लांबणीवर टाकता येईल तितकं टाकलं. सरपंचांचा परिचय दोनदा करून दिला. पोलीस पाटलांचा केला. लेझीमवाल्या गुरुजींचा केला. शेवटी एका म्हशीचा आवाज काढून दाखवला. सरपंच कानात म्हणाले, "अहो, झालं ना आता, द्या की साहेबांना माईक." मला द्यावा लागला.

सर उभे राहिले. नेहमीप्रमाणे प्रस्तावना नाही. "मंडळी, मी तुमच्या गावाबद्दल पंचवीस वर्षं चुकीचं सांगत आलो. इथे तोफा कधीच झाल्या नाहीत. तोफा म्हणजे भेट. तुमच्या गावानं चांदवडला पाच करंड्या आंबे पाठवले होते. त्यातली एक नासली." आणि त्यांनी तो कागद वर धरला. "हा पुरावा. अस्सल आहे."

ढोल वाजवणाऱ्याचा हात हवेत राहिला. मग मागून तोफखाना मंडळातलं एक पोरगं ओरडलं, "म्हणजे आम्ही काय आंबाखाना मित्र मंडळ व्हायचं?" कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. सरपंच पांढरेफटक पडले. "साहेब, आमची चेष्टा करायला बोलावलं का तुम्हाला? दरवाजा बांधलाय आम्ही. पाव्हणे बोलावलेत." लोक उठायला लागले. दोनचार जण स्टेजकडे सरकले. सर तसेच उभे, कागद हातात, एकदम म्हातारे दिसायला लागले. मी त्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो खरा, पण माझ्याजवळ होते म्हैस आणि तहसीलदार, त्यांचा तिथे उपयोग नव्हता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. "ए सरपंचा! खाली बस. आन् मास्तर, तुम्ही इकडं बघा."

तो आवाज मला पाठ होता. सरांनाही. मेथीवाल्या मावशी! डोक्यावर पदर, हात कमरेवर. त्या याच गावच्या. दर रविवारी त्या याच वेशीतून बाहेर पडून बाजारात यायच्या, आणि आम्हा दोघा संशोधकांना त्यांचं गाव ठाऊक नव्हतं.

"तोफ्याच्या मळ्यात तोफ कुठनं येईल, मास्तर? तोफ्या आंबा हे तो. आजून दोन झाडं उभी हेत. माझी आजेसासू सांगायची, हा आंबा सरकारात तोफा म्हणून जायचा. आंबा लय गोड, पर सालीनं नाजूक. लवकर नासतो."

"पेंढा जास्त घालावा लागतो," सर हळूच म्हणाले.

"घालावाच लागतो! आम्ही घालतोच." मावशी स्टेजच्या पायरीपर्यंत आल्या. "पंधरा वर्सं मला इचारता, मेथी अस्सल का, शेपू अस्सल का. एकदा तरी इचारायचं, मावशी, तुमचं गाव कोनतं? मी सांगितलं असतं की. कागद कशाला धुंडाळायचे?"

सर माझ्याकडे वळले. त्यांचं तोंड उघडं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर आम्हाला धक्के दिले, त्याला धक्का बसलेला मी पहिल्यांदा बघितला. मग ते स्टेजवरून खाली उतरले, दिव्याच्या गाडीतून येणारे कुलगुरू, आणि हजारभर माणसांसमोर मावशींना वाकून नमस्कार केला. मावशी मागे सरकल्या. "उठा, उठा. मेथी घ्यायला येता ना रविवारी? आज बाजार बुडाला माझा तुमच्यापायी." आणि पहिल्यांदाच दोघं हसली. मग सरपंच हसले, नाइलाजानं. मग गाव.

बाहेर मात्र कुणी हसून सोडलं नाही. वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत आंबे आले. विद्यापीठाच्या बैठकीत कुणीतरी सरांच्या टेबलावर आंब्यांची करंडी ठेवली. सरांनी ती हुंगली, म्हणाले, "हे तोफ्या नव्हेत," आणि सभासदांना वाटून टाकले. मुंबईच्या समितीतलं त्यांचं नाव गुपचूप गळलं. मुदत संपली, दुसरी मिळाली नाही. पुस्तकाची नवी आवृत्ती त्यांनी स्वतः काढली, पहिल्या पानावर एक ओळ, "आधीची आवृत्ती कुणाजवळ असल्यास तीत आंबे ठेवावेत." गावानं दरवाजा पाडला नाही. पेंटर बोलावून प्रत्येक तोफेच्या तोंडाशी एकेक पिवळा आंबा काढून घेतला. आता लांबून बघणाऱ्याला वाटतं, इथे तोफांनी आंबे उडवायचे.

त्यानंतर दर मे महिन्यात मावशींची करंडी नाशिक रोडला यायची. पाच आंबे, भरपूर पेंढा, आणि नातवाच्या अक्षरात चिठ्ठी, "तोफा नग पाच." सर लगेच सरपंचांकडे फोन लावायचे, मावशींना बोलावून घ्यायचे, करंडी हुंगून दोनदा शिंकायचे आणि म्हणायचे, "तोफा पावला. चार गोड. एक नासका." नासका कधीच नसायचा. पण पोहोच देताना तसं म्हणायचं, असा दोघांत रिवाज पडला होता. मावशी तिकडून म्हणायच्या, "पुढच्या खेपेला पेंढा वाढवते," आणि ठेवून द्यायच्या.

सर गेले ते थंडीत. दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना रिपोर्टची मूळ प्रत मागितली होती. मी तिथे होतो, मला हसू आलं, आणि मग नाही आलं.

मे महिन्यात काकूंचा फोन. "करंडी आलीय रे. चिठ्ठीही आहे. पोहोच कोण देणार?" मी गेलो. खोलीत सगळं तसंच होतं, रुमाल फळीवर ओळीनं लावलेले. काकू समोरच्या खुर्चीवर बसल्या, आणि मी फोन लावला. मावशी आल्या.

"कोन हे?"

मी घसा साफ केला. चष्मा नव्हता तरी हात कपाळाकडे गेला. "मावशी, तोफा पावला. चार गोड. एक नासका."

मग मावशींनी विचारलं, "अस्सल का नक्कल?"

"नक्कल, मावशी."

"वाटलंच. मास्तर 'नासका' म्हणताना थांबायचे जरा." मग म्हणाल्या, "पर आवाज काढलास बाबा. आता शिंक तरी, दोनदा. ऐकू दे एकदा."

काकूंना ऐकू गेलं असावं, त्यांनी मानेनंच हो म्हटलं. पहिली शिंक मी काढली, अगदी बिनचूक. रुमाल काढला.

दुसरी आपोआप आली.